बर्लिनहून दोन रात्रींची सुट्टी: गोर्लित्स नाहीतर क्वेडलिनबुर्ग

बर्लिनमधल्या मराठी घरांत जोडून सुट्टी आली की तीनच नावं निघतात: प्राग, ड्रेस्डेन, हँबुर्ग. तिन्ही सुंदर आहेत. पण शनिवारी दुपारी प्रागच्या चार्ल्स पुलावरून चालणं म्हणजे गणपतीत लक्ष्मी रस्त्यावरून चालणं. आपण चालत नाही, ढकलले जातो. दोन-तीन वर्षं असं ढकलून घेतल्यावर मी घरात नियम केला: साध्या, संथ गाडीने तीन-सव्वातीन तासांत पोचता येईल असं एकच गाव निवडायचं आणि तिथे दोन रात्री राहायचं. एका सुट्टीत दोन गावं करायची नाहीत.

दोन रात्रींचा आग्रह का, तर या लहान गावांत माणसं सकाळी बसने येतात आणि संध्याकाळी सहाला निघून जातात. त्यानंतर चौकात उरतात ती कारंजं, सायकलवरची पोरं आणि कुत्रा फिरवणारे आजोबा. गाव दिसतं ते त्या वेळात. दिवसाची सहल करणाऱ्यांना ते कधीच दिसत नाही.

खाली दोन गावं दिली आहेत, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. त्यातलं कुठलंही एक घ्या.

आधी तिकीट

जर्मनीत राहत असाल तर डॉइचलांड-टिकेट, म्हणजे देशभर स्थानिक गाड्यांना चालणारं महिन्याचं तिकीट, बहुधा खिशात असेलच. मे 2023 मध्ये ते 49 युरोला सुरू झालं, 2025 मध्ये 58 झालं आणि जानेवारी 2026 पासून महिन्याला 63 युरो आहे. आपले बरेच लोक ते फक्त ऑफिसला जायला वापरतात. ही दोन्ही गावं त्याच तिकिटावर होतात, वर एक सेंटही लागत नाही. आरई आणि आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान म्हणजे शहरातली लोकल, ट्राम, शहरातल्या बस, सगळं त्यात येतं. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या येत नाहीत. अॅपमध्ये गाडी शोधताना फक्त स्थानिक गाड्या दाखवण्याचा पर्याय आधी निवडा, नाहीतर ते तुम्हाला आयसीईच दाखवत राहील.

भारतातून आई-बाबा आले असतील तर त्यांच्यासाठी महिन्याचं तिकीट घ्यायला हरकत नाही, पण ते वर्गणीसारखं असतं आणि पुढचा महिना नको असेल तर चालू महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करावं लागतं. आई-बाबांना विमानात बसवून आल्यावर हे आठवत नाही. माझ्या हातून असे दोन महिने गेले आहेत. दोन-तीन दिवसांपुरतं हवं असेल तर पाच जणांपर्यंत चालणारी दिवसाची तिकिटं मिळतात. ब्रांडेनबुर्ग-बर्लिन-टिकेट राज्याच्या हद्दीपुरतं असतं. गोर्लित्स साक्सनीत आणि क्वेडलिनबुर्ग साक्सन-आनहाल्टमध्ये येतं, म्हणून त्यांच्यासाठी देशभर चालणारं क्वेअर-डुर्शस-लांड-टिकेट घ्या. सोमवार ते शुक्रवार ही तिकिटं सकाळी नऊनंतर चालतात. शुक्रवारी संध्याकाळी निघणाऱ्याला त्याची अडचण नाही.

गाडी बदलायला निदान पंधरा मिनिटं ठेवा. अॅप सहा मिनिटांची बदली बिनधास्त सुचवतं, पण पहिली गाडी दहा मिनिटं उशिरा आली की तुम्ही पुढचा तासभर फलाटावर. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मार्गावर रुळांचं काम आहे का ते बघाच. ‘शीनेनएर्झात्सफेरकेअर’ हा शब्द दिसला तर समजायचं की मधला तुकडा बसने आहे. एवढा लांब शब्द चांगली बातमी घेऊन येत नाही.

मग मुक्काम

या गावांत ‘पेन्झिओन’ म्हणजे घरगुती लॉज शोधा, जुन्या गावठाणाच्या आत. बाहेरच्या रस्त्यावर खोली स्वस्त पडते, पण रात्री नऊला गावात चक्कर मारायची मजा जाते. त्याचसाठी तर आपण चाललो आहोत.

एक गोष्ट मी फजिती होऊन शिकले. पहिल्या वेळी रात्री आठ चाळीसला पोचलो, तर लॉजला कुलूप, मालकीणबाई सहालाच घरी गेलेल्या. दारावर चिठ्ठी, चिठ्ठीवर फोन नंबर, आणि माझ्या फोनची बॅटरी चार टक्के. आता मी गुरुवारीच मेल टाकते: आम्ही अमुक वाजता येतोय, किल्ली कुठे असेल? उत्तरात बहुधा भिंतीवरच्या लोखंडी पेटीचा आकडा येतो. तो कागदावर लिहून ठेवा.

खोली कितव्या मजल्यावर आहे तेही विचारा. चारशे वर्षांच्या लाकडी घराला लिफ्ट नसते. जिना इतका उभा असतो की बाबा तिसऱ्या दिवशीही तो पाठमोरे उतरत होते. चाकांची मोठी बॅग नको. दगडी फरसबंदीवर ती खडखडते आणि अख्ख्या गल्लीला तुम्ही आल्याचं कळतं.

पूर्वेला: गोर्लित्स

जर्मनीच्या पूर्व टोकाचं हे शहर नाइस नदीवर आहे. 1945 मध्ये नदी सरहद्द झाली आणि शहराचा पलीकडचा भाग पोलंडमध्ये गेला. त्याला आता झ्गोझेलेत्स म्हणतात. महायुद्धात गोर्लित्सवर जवळजवळ बाँब पडलेच नाहीत. त्यामुळे गॉथिक, रेनेसाँस, बरोक आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या नक्षीदार इमारती, सगळं एकाच चालीत बघायला मिळतं. संरक्षित वास्तू 4,000च्या आसपास आहेत. परदेशी चित्रपटवाले इथे इतके येतात की गावानं स्वतःला गोर्लिवूड म्हणवून घेतलं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. 1995 पासून एक अनामिक दाता दर वर्षी दहा लाख मार्क, युरो आल्यावर तेवढ्याच किमतीचे युरो, जुन्या गावाच्या डागडुजीसाठी पाठवत असे. 2016 पर्यंत पैसे येत राहिले. नाव आजवर बाहेर आलेलं नाही. आपल्याकडे देवळाच्या पायरीवरही देणगीदाराचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळे आईला हे पटेचना.

*शुक्रवार.* बर्लिनहून कोटबुसला आरई, सव्वा तास ते एक तास वीस मिनिटं. तिथे गाडी बदलून गोर्लित्स, आणखी सव्वा तासाच्या आसपास. पाचच्या सुमाराला निघालात तर साडेआठपर्यंत खोलीवर. कोटबुसच्या स्टेशनवरच काहीतरी खायला घेऊन ठेवा. गोर्लित्समध्ये नऊनंतर स्वयंपाकघरं बंद व्हायला लागतात. ड्रेस्डेनला राहणाऱ्यांना तर थेट गाडी दीड तासाच्या आत पोचवते.

*शनिवार सकाळ.* ओबरमार्क्ट चौकापासून सुरुवात करा. तिथल्या ट्रिनिटी चर्चच्या बारीक उंच मनोऱ्याला लोक ‘मोंख’ म्हणतात, म्हणजे संन्यासी. त्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे असल्याची गोष्ट सांगतात. 1527 मध्ये विणकरांनी नगरपालिकेविरुद्ध कट केला. पहारेकरी मध्यरात्री गस्तीवरून परततात हे धरून ते बाहेर पडले, पण घड्याळानं बाराचे टोले सात मिनिटं आधी दिले आणि मंडळी थेट पहारेकऱ्यांच्या हाती सापडली. शेजारच्या बोळाला आजही ‘फेररेटरगासं’, म्हणजे फितुरांची गल्ली, म्हणतात. गोष्ट जिंकणाऱ्यांनी लिहिली आहे हे उघड आहे. तलम कापड विणणारे फितूर कसे झाले, हे विणकरांना कुणी विचारलेलं नाही.

तिथून उंटरमार्क्ट हा दुसरा चौक. 22 नंबरच्या घराची कमान शोधा. कमानीच्या एका पायाशी तोंड लावून हळू बोललं की दुसऱ्या पायाशी कान लावलेल्याला स्पष्ट ऐकू येतं. मुलं बरोबर असतील तर इथे अर्धा तास जाणार असं धरूनच चाला. पुढे उतारावर पेटर्सकिर्ख हे चर्च. आतल्या 1703च्या ऑर्गनचे पाइप सूर्याच्या किरणांसारखे गोल मांडले आहेत, म्हणून त्याला सूर्य-ऑर्गन म्हणतात. वादनाच्या वेळा दारावर लावलेल्या असतात. त्या बघून दिवस आखला तर उत्तम.

*शनिवार दुपार.* चर्चच्या खालीच जुन्या गावाचा पूल आहे. युद्धाच्या शेवटी तो उडवून दिला होता, 2004 मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी पुन्हा बांधला. दोन-तीन मिनिटांत तुम्ही पोलंडमध्ये. शेंगेन, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातला प्रदेश, असलं तरी अधूनमधून तपासणी होते, म्हणून पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड खिशात ठेवा, फोटोकॉपी नव्हे. आई-बाबांचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असला तरी घाबरू नका, तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडत नाही.

पूल उतरल्यावर लगेच याकोब ब्योमंचं घर लागतं. हा 1575 ते 1624 या काळात जगलेला चांभार. जोडे शिवता शिवता देव आणि सृष्टी यांबद्दल लिहायला लागला. गावच्या पाद्रीबुवांना ते खपलं नाही आणि 1613 मध्ये नगरपालिकेनं त्याला लिहायची बंदी केली. काही वर्षं तो गप्प बसला, मग पुन्हा लिहू लागला. साधारण तुकोबांच्याच काळात, इतक्या लांब, वह्या बुडवायचा तोच उद्योग चालला होता. त्याची कबर अलीकडच्या काठावर, निकोलाय स्मशानभूमीत आहे. संध्याकाळी चालत जाण्यासारखी जागा आहे ती.

जेवण पलीकडेच करा. जर्मनीपेक्षा स्वस्त पडतं आणि शाकाहारी माणसाला पिएरोगी रुस्किए मिळतात: बटाटा, चक्क्यासारखं चीज आणि कांदा भरलेल्या उकडलेल्या करंज्या. वर डुकराच्या चरबीचे तुकडे परतून घालायची पद्धत आहे, म्हणून ऑर्डर देतानाच ‘बेझ बोच्कू’ सांगा. पैसे झ्लॉटीत, पण कार्ड सगळीकडे चालतं. यंत्राने ‘युरोत घेऊ का’ विचारलं तर नको म्हणा, दर वाईट असतो.

परत येताना नदीकाठच्या बागेत रेखांशाचा दगड बघा. 15 अंश पूर्व रेखांश या गावातून जातो आणि मध्य युरोपची घड्याळं त्यावर बेतलेली आहेत. आपली घड्याळं मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशावर चालतात, तसंच हे. बाबांनी इथे मनगटावरची दोन घड्याळं काढून फोटो घेतला. एक भारताचं, एक इथलं.

येरुसलेममधल्या येशूच्या कबरीची पंधराव्या शतकाच्या शेवटाकडे उभारलेली प्रतिकृतीही गावात आहे. वेळ उरला तर बघा. 1913च्या प्रसिद्ध दुकानाच्या इमारतीत आत जायला मिळेलच असं नाही, बाहेरून पुरे.

*रविवार, परतीच्या वाटेवर ल्युबेनाऊ.* एका गावाचा नियम मी इथे थोडा वाकवते, कारण ल्युबेनाऊ त्याच रुळांवर आहे, कोटबुसनंतर. हा श्प्रेवाल्डचा भाग. श्प्रे नदी इथे शेकडो लहान पाटांत फुटते आणि त्यांतून सपाट तळाच्या होड्या लांब काठीने ढकलत नेतात. स्टेशनपासून मोठ्या धक्क्यापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं. आरक्षण लागत नाही, होडी भरली की सुटते. दोन तासांची फेरी घ्या, जी लेडे गावापर्यंत जाऊन येते. 1897 पासून या गावात उन्हाळ्याच्या महिन्यांत टपाल होडीनं येतं. आमच्या घरात पोस्टात नोकरी केलेलं माणूस आहे, त्यामुळे पिवळी होडी दिसल्यावर काय कौतुक झालं ते विचारू नका.

पाट्या दोन भाषांत दिसतील. दुसरी भाषा सोर्बियन, या भागातल्या स्लाव्ह लोकांची. कोटबुसच्या खाली खोशेबुझ लिहिलेलं असतं. आणि जेवायला उकडलेले बटाटे, क्वार्क आणि जवसाचं तेल मागा. क्वार्क म्हणजे आपल्या चक्क्याचा सख्खा भाऊ, आणि जवसाची चटणी खाल्लेल्या माणसाला त्या तेलाचा कडवट वास ओळखीचा वाटतो. बरोबर इथल्या प्रसिद्ध काकड्या. डास मात्र भरपूर. मे ते सप्टेंबर अंगाला लावायचं मलम विसरलात तर दोन तास मोजून काढाल.

पश्चिमेला: क्वेडलिनबुर्ग

बर्लिनहून आरईने माग्देबुर्ग, पावणेदोन तास. तिथून टालेकडे जाणारी गाडी, सव्वा तास. ही हार्त्स डोंगरांची उत्तरेकडची कड. गाव 1994 पासून युनेस्कोच्या यादीत आहे आणि लाकडी चौकटीत माती-विटा भरून बांधलेली 2,000च्या वर घरं इथे उभी आहेत. ती वाचली ती प्रेमापोटी वाचली असं नाही. पूर्व जर्मनीच्या काळात जुनं गाव पाडून नवं करायचे बेत होते, पैसे पुरले नाहीत.

इथे येऊन पाटीवरची माहिती वाचत हिंडू नका. आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, म्हणजे सगळं आपोआप जुळतं: हे गाव बायकांनी चालवलेलं होतं. राजा पहिला हाइनरिश 936 मध्ये वारला, त्याला इथल्या टेकडीवर पुरलं. त्याच वर्षी त्याची विधवा राणी माटिल्डं हिच्या पुढाकाराने तिथे उमराव घराण्यांतल्या स्त्रियांचा मठ निघाला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे साडेआठशे वर्षांहून अधिक काळ, मठाधिपती बाईंची सत्ता टिकली. 1477 मध्ये गावकऱ्यांनी बंड केलं. मठाधिपती हेडविग यांनी भावांचं सैन्य बोलावलं आणि बंड मोडलं. चौकातला रोलांडचा दगडी पुतळा, जो गावाच्या स्वातंत्र्याची खूण होता, काढून टाकला. नगरपालिकेसमोर आज दिसतो तो तोच, 1869 मध्ये परत उभा केलेला. रोलांड इतर गावांतही असतात, इथला अगदीच छोटा आहे. एवढ्या इतिहासानंतर त्यानं छाती काढून उभं राहायचं तरी कसं?

*शनिवार.* सकाळी टेकडीवरचं चर्च. खजिन्याची खोली चुकवू नका. 1945 मध्ये त्यातल्या मौल्यवान वस्तू एका अमेरिकन सैनिकानं टपालाने घरी टेक्ससला पाठवल्या आणि त्या 1990च्या दशकात परत आल्या. सोमवारी संग्रहालयं बंद असतात, जोडून सुट्टी घेताना हे लक्षात ठेवा. दुपारी वोर्टगासंमधलं चौदाव्या शतकातलं लाकडी घर बघा आणि मग नकाशा खिशात घाला. टेकडीच्या पायथ्याशी फिंकेनहेर्ड नावाचा चिमुकला चौक आहे. हाइनरिश तिथे पाखरं पकडत बसला असताना त्याला राजा झाल्याचा निरोप आला म्हणे. चीजकेकची दुकानं पुष्कळ आहेत. एक तुकडा दोघांत घ्या, असं सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

संध्याकाळी साडेसहानंतर मार्क्टपासून म्युंझेनबेर्ग टेकडीपर्यंत चाला. समोर चर्च, खाली लाल कौलं आणि स्वयंपाकघरांतून येणारा कांद्याचा वास. माझ्या हिशेबात सगळी सहल या एका तासासाठी होती.

*रविवार.* गाडीने दहा-बारा मिनिटांवर टाले. इथून बोडे नदीची घळ सुरू होते. ट्रेजेबुर्गपर्यंत नदीकाठची वाट साधारण 10 किलोमीटर आहे. धडधाकट असाल तर पूर्ण करा, पण परतीच्या बसची वेळ आधी बघा, रविवारी बस कमी असतात. वडीलधारे बरोबर असतील तर सैतानाच्या पुलापर्यंत जाऊन मागे फिरा. दरडी पडल्या की वाट बंद करतात, म्हणून स्टेशनजवळच्या माहिती केंद्रात विचारूनच निघा. रोसट्रापं कड्यावर घोड्याच्या टापेची खूण दाखवतात: पाठलाग करणाऱ्या बोडोपासून सुटण्यासाठी राजकन्येनं घोड्यावरून दरी ओलांडली ती ही जागा. आपल्या गडांवर अशा खुणा बघून वाढलेल्यांना ही गोष्ट सांगावीच लागत नाही. वर जायला उघडा पाळणा आहे. समोरच्या हेक्सेनटान्त्सप्लात्सवर बंद केबिन जाते. तिथे खेळणी, दुकानं, कलकल. मी रोसट्रापंच निवडते.

ब्रॉकेनवर जाणारी वाफेची गाडी बघून मोह होईल. 1,141 मीटरचं शिखर, छान डबे, पण त्याचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, दिवस पूर्ण जातो आणि वर वर्षातले बहुतेक दिवस धुकं असतं. शिवाय 2018 नंतरच्या दुष्काळात आणि किडीत वाटेवरची स्प्रूसची जंगलं वाळून गेली आहेत. दोन रात्रींच्या सुट्टीत ते बसवू नका.

लॉजवर मुक्कामाचा कर भरल्यावर ‘हाटिक्स’ मिळतं का विचारा. ते असेल तर हार्त्समधल्या बस फुकट.

खाणं आणि रविवार

‘फेगेटारिश’, म्हणजे शाकाहारी, म्हटलं तरी बटाट्याच्या भाजीत आणि डाळीच्या सूपमध्ये ‘श्पेक’ म्हणजे खारवलेल्या डुकराचे बारीक तुकडे येतात. वाढणाऱ्याच्या लेखी ते मांस नसतंच, चव असते. म्हणून ‘ओने श्पेक’ वेगळं सांगा. केझश्पेत्सलं, म्हणजे चीज घातलेल्या मऊ शेवया, बहुतेक ठिकाणी मिळतात आणि लहान मुलं खातात.

रविवारी दुकानं बंद. बर्लिनसारखं स्टेशनवरचं मोठं दुकान इथे नाही. पाणी, फळं, औषधं शनिवारी दुपारीच घ्या. बेकरी रविवारी सकाळी थोडा वेळ उघडते, तिथे परतीच्या प्रवासाचे ब्रेड बांधून घ्या. शंभरेक युरो रोख जवळ असू द्या. होडीवाला आणि म्हातारी मालकीण कार्डाकडे बघतही नाहीत.

नोव्हेंबर ते जानेवारी चारलाच अंधार पडतो आणि होड्या मोजक्याच. त्या महिन्यांत क्वेडलिनबुर्ग घ्या, नाताळच्या बाजाराच्या शनिवार-रविवारी खोली मात्र बरीच आधी धरावी लागते. गोर्लित्स-ल्युबेनाऊ मे, जून किंवा सप्टेंबरला. उन्हाळ्यात रविवारी पाचनंतर ल्युबेनाऊहून बर्लिनला जाणारी गाडी सायकलींनी इतकी भरते की दारात उभं राहायलाही जागा उरत नाही. चारच्या आतली पकडा, आणि काकड्यांची बरणी हातातल्या पिशवीत ठेवा. सॅकमध्ये ठेवलेली माझी एक फुटली होती, त्या स्वेटरला अजून शेपूचा वास येतो.